पेठेतून बाणेरला आल्यापासून वडिलांचे चालणे थांबले. परिसराचा प्रकृतीवर इतका परिणाम होतो का?

प्रश्न (बाणेर)

माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. सदाशिव पेठेतील आमचा वाडा पुनर्विकासाला गेल्यामुळे दीड वर्षापूर्वी ते आमच्याकडे राहायला आले. येथे लिफ्ट आहे, सोसायटीत बागही आहे. तरीही पेठेत दूध, वर्तमानपत्र, देवळातील कीर्तन अशा निमित्ताने दिवसातून चार वेळा बाहेर पडणारे वडील आता फाटकापर्यंत जातात, रस्त्याकडे पाहत थोडा वेळ उभे राहतात आणि परत फिरतात. रक्तातील साखर वाढली आहे, गुडघे आखडले आहेत. औषधोपचार चालू आहेत, परंतु निम्मे दुखणे घराबाहेरचे आहे असे मला सारखे वाटते. नेमके काय तपासावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ (फिजिओथेरपिस्ट, एरंडवणे)

ताई, आपल्याला वाटते ते बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत. पेठेत आपल्या वडिलांची बरीचशी हालचाल व्यायामाचे नावही न घेता होत असणार. आता पडण्याच्या भीतीने चालणे कमी होते, चालणे कमी झाले की पायांतील ताकद जाते, आणि ताकद गेली की पडण्याचा धोका खरोखरच वाढतो. बागेत फेऱ्या मारायला सांगून हे सुटेलच असे नाही. माझ्याकडे येणारी ज्येष्ठ मंडळी अशा फेऱ्या लवकरच सोडून देतात, कारण त्यांना कुठे तरी जायचे असते. दृष्टी, तोल आणि उभे राहिल्यावर रक्तदाब उतरतो का, हे मात्र आधी तपासून घ्यावे.

उत्तर २ (निवृत्त स्थापत्य अभियंता, कोथरूड)

फाटकापासून किराणा दुकानापर्यंत हातात मोजपट्टी घेऊन एकदा चालून पाहावे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या सूचनांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. प्रत्यक्षात प्रत्येक फाटकापाशी पदपथ तुटतो, पुन्हा फूटभर चढतो, मध्येच विजेच्या रोहित्राची (ट्रान्सफॉर्मरची) पेटी येते, आणि गुडघेदुखी असलेला माणूस शेवटी वाहनांच्या बाजूने रस्त्यावरूनच चालू लागतो. सिग्नलचेही तसेच आहे. सेकंदाला १.२ मीटर या वेगाने १८ मीटर रुंदीचा रस्ता १५ सेकंदांत ओलांडता येतो, ०.८ मीटर वेगाने चालणाऱ्याला साडेबावीस सेकंद लागतात. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा पंधरा सेकंदांचाच असेल, तर उरलेली साडेसात सेकंदे तो वाहनांच्या तोंडी असतो. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारलेले आहे; तक्रार करताना त्याचा उल्लेख करावा, आणि मापे व छायाचित्रे जोडावीत.

उत्तर ३ (वय ७४, सहकारनगर)

मापे महत्त्वाची आहेतच, परंतु आम्हा ज्येष्ठांना बाहेर पडण्यापूर्वी दोन प्रश्न पडतात: वाटेत टेकायला जागा आहे का, आणि लघवीची सोय आहे का? मी रक्तदाबासाठी पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी घेते. बाहेर जायचे असले की सकाळपासून पाणीच कमी पीत असे, आणि एकदा त्यामुळे भर उन्हात चक्कर आली. आता मी जिथे बाक आणि स्वच्छ स्वच्छतागृह आहे, त्याच वाटेने जाते, मग ती लांबची असली तरी चालते. आमच्या औषधाच्या दुकानदाराने दारात खुर्ची ठेवल्यापासून शेजारच्या दोघी जणीही पायी येऊ लागल्या आहेत. वडिलांना हे विचारून पाहावे. आपण होऊन ते सांगणार नाहीत.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल वडिलांसोबत त्यांच्याच चालीने निघाले. दुकान आमच्या दारापासून ३०० पावलांवर आहे आणि तेवढ्या वाटेत पदपथ सहा ठिकाणी तुटलेला आहे. निम्म्या वाटेवर ते एका गाडीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "बसायला कट्टा असता तर मी रोज आलो असतो." दीड वर्षात मी त्यांना हे विचारलेच नव्हते. त्या वळणावरच्या इस्त्रीवाल्या काकांनी स्टूल ठेवण्याचे कबूल केले आहे. महापालिकेकडे द्यायच्या अर्जासाठी छायाचित्रे काढली आहेत, आणि मापे घेताना मोजपट्टीचे दुसरे टोक धरायला वडील स्वतः येणार आहेत.