‘बान मी’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्नकर्ती, सॅन होजे : आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी इथल्या खाण्यावर लेख लिहिते आहे आणि ‘स्थानिक उपाहारगृहांत मिळणारे अस्सल व्हिएतनामी सँडविच’ या एका वाक्यावर अडले आहे. संपादकांनी ‘अस्सल’ खोडून ‘अधिकृत’ केले. मला ते पटत नाही, कारण अधिकृत म्हटले की कोणाची तरी मान्यता आली. शिवाय ‘सँडविच’ ठेवावे की ‘बान मी’ लिहावे?

पुणेकर वाचक : ‘अधिकृत’ चूकच आहे. पण ‘अस्सल’ही जपून वापरावा. तो अरबी ‘अस्ल’, म्हणजे मूळ, यावरून आला. माझ्या वडिलांच्या वकिलीच्या कागदांत ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ ही जोडी नेहमी असे, त्यामुळे अस्सल म्हटले की मूळ प्रत दाखवावी लागते. इथे ती कोणती? लांबट पाव फ्रेंचांनी एकोणिसाव्या शतकात व्हिएतनामला नेला, आणि आज आपण ज्याला बान मी म्हणतो तो आत सारण भरलेला प्रकार त्या देशाच्या १९५४च्या फाळणीनंतर दक्षिणेतल्या सायगावात (आजचे हो ची मिन्ह सिटी) रुळला.

पणजीहून : मुळात ‘बान मी’ हे सँडविचचे नाव नाही, पावाचे आहे. ‘बान’ म्हणजे पिठाचा पदार्थ आणि ‘मी’ म्हणजे गहू. आत मांस आले की ‘बान मी थित’ होते, जसा आपला पाव वड्याला जोडला की वडापाव होतो. ‘पाव’ हा शब्दही आपण पोर्तुगिजांकडून घेतला. तेव्हा ‘व्हिएतनामी पाव’ लिहा. सँडविच म्हटले की मराठी वाचकाला काकडी-टोमॅटोचे त्रिकोणी तुकडे आठवतात.

नाशिकहून : मी तर ऐकले होते की ‘बान मी’ हा फ्रेंच ‘पँ द मी’चा, म्हणजे मऊ पांढऱ्या पावाच्या नावाचा, अपभ्रंश आहे.

पणजीहून : ध्वनिसाम्यावर जाऊ नये. ‘मी’ चिनीतून आला, नूडल्सनाही तोच शब्द आहे. फ्रेंच उसना शब्द हवा असेल तर लोण्याचा ‘बो’ घ्या, किंवा पावाला आतून लावतात तो ‘पाते’, म्हणजे मांसाचे मऊ वाटण.

पुणेकर वाचक : आपल्याकडे भरली वांगी आहेत, भरली मिरची आहे. मग ‘भरला पाव’ का नको? परका शब्द घेण्याआधी घरचा धुंडाळावा, असे मी मनापासून मानतो.

प्रश्नकर्ती : भरली वांगी भरून मग शिजवतात. इथे पाव आधी भाजला जातो. आमच्या गल्लीतल्या दुकानातल्या मावशी तो एका बाजूने चिरतात, दुसरी कड जोडलेलीच ठेवतात, आणि त्यात काकडीची लांब फोड, गाजर-मुळ्याचे आंबटगोड लोणचे, कोथिंबिरीच्या देठांसकट काड्या व मिरची घालून कागदात गुंडाळून देतात. पहिल्या घासाला कवच मोडून त्याचा चुरा मांडीवर पडतो. तो पडला नाही, तर पाव सकाळचा उरलेला आहे असे समजावे. मी ‘अस्सल’ म्हणते ती याच खुणेवरून, मूळ प्रतीवरून नव्हे.

नाशिकहून : मग ‘ताजा’ लिहा ना!

पणजीहून : ताजेपणा वेगळा. माझ्या मते तिथे ‘अस्सल’च राहू द्यावा. मात्र उच्चार ठरवा. उत्तरेतल्या हनोईकडे ‘बान’च्या शेवटी आपल्या ‘ञ’सारखा ध्वनी येतो, सायगावकडे साधा ‘न’.

प्रश्नकर्ती : मावशी १९७५नंतर दक्षिण व्हिएतनाममधून आल्या आणि ‘बान’च म्हणतात, म्हणून मी ‘न’ ठेवला आहे. पण हनोईचा कोणी वाचक भेटला, तर ‘बाञ मी’ लिहायला हवे होते का?

पुणेकर वाचक : ‘ञ’ अजून वर्णमालेत आहे, तेव्हा वापरायला हरकत नसावी. ‘भरला पाव’ मात्र मी सोडलेला नाही.