चार मीटरची फूटपट्टी

आखूड डिकीच्या सेडान कुरूप दिसतात आणि दोष डिझायनरांचा, असं एका वाचकाने म्हटलंय. कुरूप दिसतात हे मान्य, पण दोष फूटपट्टीचा आहे. २००६च्या बजेटात चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६वर आलं. इंजिनाला मर्यादा पेट्रोलसाठी १२०० सीसी, डिझेलसाठी १५०० सीसी. तेव्हापासून डिझायनरची पेन्सिलच त्या चार मीटरच्या रेषेवर अडते.

आमच्या घरी इंदूरला लांब आणि आखूड अशा दोन्ही मारुती डिझायर आहेत. बाबांची २००८ची, ४१६० मिलिमीटर. माझी २०१२ची, ३९९५. बाबांच्या गाडीत मागच्या काचेचा उतार डिकीवर सावकाश विसावतो. माझ्या गाडीत तो मध्येच तुटतो. दिवाळीला नाशिकला निघालो की दोन मोठ्या बॅगा डिकीत आणि फराळाचे डबे आईच्या मांडीवर! इंदूरच्या राजवाड्याजवळ पार्किंगला मात्र आखूड गाडीच बरी, हे कबूल.

सप्टेंबर २०२५पासून अशा लहान गाड्यांवर जीएसटी १८ टक्के, रेषा ओलांडली की थेट ४०. कर लावायचाच तर वजनावर आणि धुरावर लावा. लांबीने हवा खराब होत नाही, गाडीचं रूप तेवढं बिघडतं.