खिम्याची सुटलेली चरबी टाकायची कुठे? सल्ला हवाय

परभणीकरीण:
परभणीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलोय. रविवारी मटण खिमा असतोच. परतताना कढईत अर्धी वाटी चरबी सुटते. मोरीचं पाणी घरमालकांच्या शोषखड्ड्यात जातं, म्हणून तिथे ओतायला जीव धजत नाही. साबण आणि उकळतं पाणी ओतलं तर चालेल का?

पाना-पकड, नांदेड:
ताई, मोरीत अजिबात नको. उकळत्या पाण्याने चरबी पुढे सरकते एवढंच, पाइप गार लागला की तिथे गोठते. त्यात आपल्याकडे बोअरचं पाणी जड. त्यातले क्षार चरबीला धरतात आणि पाइपात पांढरा टणक थर बसतो. तो मग तार घालूनच खरवडावा लागतो. शोषखड्ड्याचं आणखी अवघड. आमच्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीचे शोषखड्डे बघून गावोगाव खड्डे झाले, पण त्यांचं सगळं काम खडीच्या फटींतून पाणी मुरण्यावर. चरबीने फटी बुजल्या की पाणी वर तुंबतं, डास होतात, सगळी खडी उपसावी लागते.

ज्वारीची भाकर, जालना:
खिमा परतला की गॅस बंद करा, खिमा एका कडेला सारा आणि कढई कलती ठेवा. चरबी खाली जमली की पळीने स्टीलच्या वाटीत काढा. गरम असताना कॅरीबॅगमध्ये ओतू नका, पिशवी वितळते. थंडीत ती आपोआप मेणासारखी घट्ट होते, उन्हाळ्यात वाटी फ्रिजमध्ये ठेवावी लागते. मग खरवडून जुन्या पेपरात गुंडाळायची आणि घंटागाडी आली की ओल्या कचऱ्यात. रात्री बाहेर ठेवली तर कुत्री पिशवी फाडतात. कढईसुद्धा घासायच्या आधी पेपरने पुसून घ्याच, तिला चिकटलेली चरबीही थोडीथोडकी नसते.
पण सगळी काढू नका हो! एक पळी ठेवा, त्यातच कांदा आणि काळा मसाला परता. तर्री काय सुरेख येते!

परभणीकरीण:
दादा, ताई, खूप आभार. काढलेली चरबी पुढच्या वेळी वापरता येते का?

ज्वारीची भाकर, जालना:
येते. बारीक गाळणीने गाळा आणि मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत ठेवा, म्हणजे त्यातलं पाणी जातं. फ्रिजमध्ये झाकून ठेवा, आठवड्यात संपवा. खवट वास आला तर सरळ टाका. आणि खिमा घेताना चरबी काढून मांडीचा करून मागा, मग एवढी सुटायचीच नाही.