पंचगंगा घाटाचं चित्र: नजर पायऱ्यांवरून डावीकडे निसटते, बाईपर्यंत कशी आणायची?

घाटकाठ
जलरंग, हाफ शीट, १५ बाय २२ इंच, ३०० जीएसएम कॉटन कागद. नदीच्या कडेनं दिसणारा पंचगंगा घाट. उजवीकडे खाली पाण्याशी लाल लुगड्यातली बाई, मुख्य विषय तीच. डाव्या कडेपासून दोन इंचांवर दीपमाळ, मागे आकाश कोरं. सोळा पायऱ्या, सगळ्यांच्या कडा सारख्याच गडद. बघणाऱ्याची नजर आधी दीपमाळेवर जाते, मग डाव्या कोपऱ्यातून बाहेर. बाई सगळ्यात शेवटी दिसते. पायऱ्या पुसल्या तर घाट घाट वाटणार नाही. मग रेषा ठेवून नजर कशी वळवायची?

छायाप्रकाश
भावा, रेषांच्या आधी टोन बघ, म्हणजे रंग सोडून नुसता उजळ-गडदपणा. डोळे किलकिले करून चित्र पाहा, किंवा मोबाईलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट कर. लाल लुगडं बहुतेक दगडाच्या राखाडीत विरघळेल, कारण गडद लाल आणि ओला काळा दगड यांचे टोन जवळजवळ सारखे पडतात. रंगात उठून दिसतं म्हणून आपण फसतो. उलट काळी दीपमाळ कोऱ्या कागदावर आहे. चित्रातला सर्वांत तीव्र फरक तिथे आणि तोही कडेला. नजर तिकडे जाणारच.

दीपमाळेच्या मागे निळसर राखाडी वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर दे, डावीकडे जरा दाट आणि उजवीकडे विरत जाणारा. दीपमाळ वाळलेली असली तरी तिच्या कडेला ब्रश घासू नकोस. मग बाईच्या पाठीमागच्या दोन पायऱ्यांची सावली चित्रातली सर्वांत गडद कर आणि तिच्या डोक्या-खांद्यावर उजेडाची बारीक पट्टी राहू दे.

आता पायऱ्या. पायरीला दोन अंगं असतात. आडवं अंग आकाशाचा उजेड घेतं, उभं अंग सावलीत असतं. घाट उभा राहतो तो या दोन टोनच्या पट्ट्यांमुळे, काळ्या रेषा त्याला लागतच नाहीत. बाईजवळच्या तीन-चार पायऱ्यांच्या कडा धारदार ठेव. तिथून डावीकडे जाताना कड तुटक, पुढे नुसता कोरड्या ब्रशचा फटकारा, आणि शेवटच्या दोन-तीन इंचांत दोन्ही अंगं एकाच वॉशमध्ये. राहिलेल्या पायऱ्या बघणारा स्वतः पुऱ्या करतो.

नदीच्या कडेनं बघताना पायऱ्यांच्या रेषा डोळ्याच्या उंचीवर एका बिंदूला मिळतात. डोळ्याखालच्या वर चढत जातात, वरच्या खाली उतरतात. तुझ्या रचनेत तो बिंदू कागदाबाहेर डावीकडे पडलाय. पुढच्या चित्राला थोडा डावीकडे वळून बस म्हणजे बिंदू कागदात येईल. माणूस त्याच्या जवळ असावा, बरोब्बर त्यावर नको.

कोरीव_दगड
टोनचं पटलं. पण नजर रुळावरून गेल्यासारखी रेषेवरून सरकते हे मला मान्य नाही. सोव्हिएत शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी रशियन चित्रकार रेपिनच्या ‘अनपेक्षित पाहुणा’ या चित्रासमोर डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या. डोळा उड्या मारतो आणि थांबतो, जास्त करून माणसांवर आणि चेहऱ्यांवर. माणसांची वयं सांगा, कपडे लक्षात ठेवा असं सांगितलं की उड्यांची वाटही बदलते. तेव्हा खरं काम मुक्कामाच्या जागा तयार करण्याचं आहे.

सोळा सारख्या पायऱ्या डोळा एका झटक्यात ओळखतो आणि सोडून देतो. तो थांबतो तो ठेका मोडतो तिथे. खिद्रापूरला (कोल्हापूर जिल्हा) कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपात उभं राहून बघा. एकूण ४८ खांब, त्यातले आतले १२ वर्तुळात, आणि त्या वर्तुळावरचं छत गोल उघडं. इतक्या दाट नक्षीत नजर जाते ती नक्षी नसलेल्या त्या आकाशाच्या चकतीकडे. तुमच्या चित्रात ठेका मोडणारी एकमेव उभी वस्तू दीपमाळ आहे, हीच अडचण.

ठेका बाईपाशी मोडा. पिळून वाळत घातलेलं एखादं लुगडं तीन पायऱ्यांवरून तिरकं येऊ द्या, त्याचं खालचं टोक तिच्या हाताकडे. किंवा तिच्याभोवतीची पायरी ओली दाखवा, म्हणजे दगड गडद आणि त्यात आकाशाचा एक उभा चमकता तुकडा. दोन्हींपैकी एकच. चार ठिकाणी मोडलात तर मोडणं हाच नवा ठेका होतो.

घाटकाठ
तिरकं लुगडं जमेल, तिथला कागद अजून फिका आहे. पण डावीकडच्या गडद कडा आधीच बसल्यात, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाच्या मिश्रणात. त्या निघतील का? आणि लाल दुसरीकडे कुठे घ्यावा का?

छायाप्रकाश
पूर्ण निघणार नाहीत, पण मऊ होतील आणि तेवढं पुरे. हे दोन्ही रंग बऱ्यापैकी उचलले जातात. कागदाला घट्ट धरणारा थॅलो निळा असता तर अवघड होतं. अर्धा इंची चपटा ब्रश स्वच्छ पाण्यात बुडवून पिळून घे, कडेवर दोनदा हलका फिरव, लगेच टिश्यू दाबून उचल. घासलंस तर कागदाचे तंतू उठतात आणि पुढचा वॉश तिथे डाग धरतो. कागद पूर्ण वाळू दे. मग त्याच दोन रंगांचा चहाइतका पातळ वॉश, एक इंची ब्रशनं, डाव्या कोपऱ्यातून उजवीकडे, एका फटक्यात. परत फिरवायचा नाही, खालचा थर सुटून चिखल होतो.

लाल आणखी दोन ठिकाणी घे, पण आकार असमान हवेत. एक पाण्यातल्या प्रतिबिंबात मळकट, दुसरा लांबच्या छोट्या देवळाच्या निशाणावर, तांदळाच्या दाण्याएवढा. दीपमाळेजवळ अजिबात नको.

कोरीव_दगड
एक तपासा: बाईच्या डोक्याची कड पायरीच्या रेषेला नुसती टेकलेली नको, आणि दीपमाळेचं टोक पलीकडच्या झाडीच्या वरच्या कडेलाही नको. असे दोन आकार टेकले की खोली सपाट होते आणि नजर त्या सांध्यात अडकते. डोकं रेषेच्या स्पष्ट वर काढा, किंवा मधे निदान अर्ध्या डोक्याएवढी जागा सोडा.