उन्हाळ्यात पीसी तापून बंद पडतोय

प्रश्न (परभणी): दुपारी खोलीत ४२ अंश असतं. इंटेलचा आय-५ प्रोसेसर, सोबत आलेलाच पंखा. नुसता चालू असताना ६० अंश, व्हिडिओ रेंडर लावला की लगेच १००. मशीन रखडतं, कधी बंदच होतं. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता पंख्याकडे नेणारी) बदलू का?

लातूरकर: खोलीच ४२ असेल तर ६० ठीक आहे, घाबरू नका. पण लोड येताच १०० म्हणजे कूलर (पंखा आणि त्याखालचा धातूचा ठोकळा) प्रोसेसरला नीट टेकलेला नाही असं वाटतंय. कूलर बोर्डला अडकवणाऱ्या चारही पुश-पिना बघा. एखादी निसटली की कूलर त्या बाजूनं उचलतो, मग पेस्ट कितीही भारी असो, उपयोग नाही. समोरासमोरचे तिरपे कोपरे जोडीनं दाबा, ‘टक’ आवाज आलाच पाहिजे.

जालना: पंख्याखालचा हीटसिंक, म्हणजे धातूच्या पात्यांचा ठोकळा, तोही बघा हो. आपल्याकडची धूळ, त्यात रूम कूलरची ओल. पात्यांत नमद्यासारखा थर बसतो. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरा, गरगर फिरला तर बेअरिंग जातं.

लातूरकर: बरोबर. आणि कूलर उचललाच तर पेस्ट नवीच लावा. जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून मधोमध वाटाण्याएवढा थेंब, बस्स.