आरोपीच्या आईवडिलांचं घर फोडून काय मिळालं?

पारंबी:
ऑगस्ट २०२४. बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार. तक्रार नोंदवायला आईबापांना बारा तास ताटकळत ठेवलं, २० तारखेला लोक रुळांवर उतरले, हे सगळ्यांना आठवतंय. लगेच जमावाने आरोपीचं घर फोडलं, आईवडिलांना गाव सोडावं लागलं, ते फारसं कुणाला आठवत नाही. २३ सप्टेंबरला मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत तो गोळी लागून मेला. 'बदला पुरा'चे फलक लागले. मग दफनाला जागा कुठेच मिळेना, बापाला हायकोर्टात जावं लागलं. शेवटी उल्हासनगरच्या स्मशानभूमीत खड्डा खणला, तर लोकांनी तो बुजवला. बंदोबस्तात पुन्हा खणावा लागला.

त्या बुजवलेल्या खड्ड्यापाशी माझं डोकं अडकलंय. गुन्हा त्याने केला असेलही, पण तो तर मेला होता. माती लोटणाऱ्यांचा राग कुणावर होता?

लोकलवाला:
मी त्या दिवशी रुळांवर होतो. सकाळची लोकल पकडायला आलो आणि तिथेच थांबलो. नऊ-दहा तास. ऊन, पाऊस, शेवटी लाठीमार. दगड मी मारला नाही, पण मारणाऱ्याला अडवलंही नाही. आम्ही बसलो नसतो तर ते प्रकरण तुम्हाला कळलंही नसतं. मुलीच्या आईला पोलीस ठाण्यात बसवून ठेवतात, शाळा हात झटकते, आणि तुम्हाला काळजी आरोपीच्या घराची?

पारंबी:
रेल रोकोबद्दल मी एक शब्द बोललो नाहीये. तुम्ही रुळांवर बसलात ते सरकारविरुद्ध. घर फोडलं ते कुणाविरुद्ध?

खडूस_काका:
घरच्यांना काही माहीत नसतं, यावर माझा काडीचा विश्वास नाही. पोरगा कसा आहे हे आईला कळतंच. झाकलं असणार. मग भोगा म्हणावं. आणि नागपूर विसरलात? १३ ऑगस्ट २००४, कस्तुरबानगरच्या बायकांनी वस्तीवर अत्याचार करणाऱ्या गुंड अक्कू यादवला भर कोर्टात संपवला. वर्षानुवर्षं तक्रारी करून पोलीस ढिम्म हलले नव्हते. कायदा झोपला की लोक जागे होतात.

काळा_कोट:
काका, त्या नागपूरच्या खटल्यात वस्तीतल्या लोकांनी दहा वर्षं तारखा भोगल्या. २०१४ साली निर्दोष सुटले. जागं होण्याची किंमत त्यांनाच विचारा.

'झाकलं असणार' म्हणताय, तर त्यासाठी पोक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात, सोय आहे. कलम १९: गुन्हा माहीत असेल तर कळवणं बंधनकारक. कलम २१: न कळवल्यास शिक्षा. बदलापूरच्या शाळेच्या विश्वस्तांना अटक झाली ती त्याच मुद्द्यावर. आईवर पुरावा असेल तर तिच्यावरही गुन्हा नोंदवा. कौलं फोडणं हे कुठल्याच कलमात नाही.

आणि एन्काउंटरचं म्हणाल तर आरोपी मेला की त्याच्यापुरता खटला बंद. त्या मुलींच्या घरच्यांना 'दोषी' हा शब्द न्यायाधीशाच्या तोंडून कधीच ऐकायला मिळणार नाही. २०२५ च्या जानेवारीत दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांवर ठपका आला. फेब्रुवारीत त्याच्या आईवडिलांनी कोर्टाला सांगितलं, आम्हाला हे प्रकरण पुढे न्यायचं नाही, धावपळ झेपत नाही. बदला पुरा झाला म्हणतात तो हा.

लोकलवाला:
वकीलसाहेब, कलमं पाठ असणं सोपं आहे. माझी मुलगी तेव्हा सिनियर केजीत होती. त्या आठवड्यात तिला रोज विचारत होतो, शाळेतल्या काकांनी काही केलं का? ती वैतागून म्हणाली, बाबा, तुम्ही सारखं ओरडून का विचारता? मी ओरडतोय हे मला कळतच नव्हतं. अशा अवस्थेत माणूस घर कुणाचं, आई कुणाची, बघत नाही. बरोबर म्हणत नाहीये. फक्त सांगतोय.

रानजाई:
बरीच वर्षं फक्त वाचते, आज लिहिते. वरच्या 'ओरडून का विचारता'वर थांबले.

मी आठवीत होते. मामा होता. आईला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. तिने तशाच हाताने माझं तोंड दाबलं. माझ्या ओठांना पीठ लागलं होतं. म्हणाली, बाबांना कळू देऊ नकोस, ते कोयता घेऊन जातील, मग ते आत आणि मामी-पोरं रस्त्यावर. मला ते लगेच पटलं. कारण आमच्याच चाळीत आदल्या वर्षी एकाचं घर लोकांनी फोडलेलं मी बघितलं होतं. भांडी गटारात पडलेली. त्याची मुलगी माझ्या वर्गात, ती पुन्हा शाळेत आली नाही. मामाची मुलगीही तेवढीच होती. आम्ही एकाच ताटात जेवायचो.

पोक्सोच्या केसेसमध्ये दहापैकी नऊहून जास्त वेळा आरोपी ओळखीचा निघतो, हे सरकारी आकडे सांगतात. ओळखीचा म्हणजे कोण? ज्याची आई आपल्याला लाडू देते तो. मुलाला कळतं की आपण बोललो तर कोणाकोणाचं घर जाईल. तुम्हाला वाटतं तुमच्या रागाची भीती गुन्हेगाराला बसते. मला माझ्या बाबांच्या रागाची बसली होती.

खडूस_काका:
तुमच्या आईचं चुकलं, बाई. बाबांना सांगायला हवं होतं.

रानजाई:
चुकलंच. पण ती घाबरली कशाला, ते पण वाचा की.

लोकलवाला:
ताई, वाचलं. लगेच उत्तर सुचत नाहीये. त्या मामाचं पुढे काय झालं?

रानजाई:
काही नाही. दर भाऊबीजेला येतो. आई ओवाळते.