केंद्राचा हप्ता अडकला तर ग्रामपंचायतीने काय करायचं? घरपट्टीचं ज्ञान देणाऱ्यांसाठी

रानवाट: परवा एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "गावांनी वित्त आयोगाच्या शिफारशीने केंद्राकडून येणाऱ्या पैशाची वाट बघणं सोडावं, घरपट्टी वसूल करावी, मग केंद्राने दिले काय नि नाही दिले काय." वाचून डोकंच फिरलं. मी पाच वर्षं सरपंच होते. बाराशे वस्तीचं गाव, घरपट्टी पाणीपट्टी पूर्ण वसूल झाली तरी शिपाई, पाणी सोडणारा माणूस आणि पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर यातच बहुतेक संपते. १५व्या आयोगाचे ६० टक्के बंधित, ते पाणी नि स्वच्छतेलाच, उरलेल्या ४० मध्ये बाकी सगळी कामं. आराखडा ग्रामसभेत अंदाजे आकडा धरून करायचा आणि हप्ता कधी पडेल ते बीडीओलाही (गटविकास अधिकाऱ्यालाही) माहीत नसतं. आम्ही कामांच्या दोन याद्या करायचो, दुसरा हप्ता नाहीच आला तर कुठलं काम थांबेल ते आधीच ठरवून ठेवायचं. यापेक्षा जास्त तयारी कशी करायची ते सांगा.

खतावणी: ताई, मी पंचायतींचं ऑडिट केलंय. दारात चारचाकी आणि घरपट्टी सात वर्षं थकलेली, अशी घरं दाखवतो. मतं जातील म्हणून नोटीस निघत नाही. ते आधी बोला.

माळावरचा: वसुलीचा काय संबंध? बहुतेक झेडप्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, ओबीसी आरक्षणाच्या कोर्टकचेरीत निवडणुका लटकल्या आणि आयोगाची अट अशी की निवडून आलेली बॉडी नसेल तर पैसे नाहीत. आपल्याकडे वाटप ८०-१०-१०, ग्रामपंचायतीला ८०, बाकी दोघांना दहा-दहा, म्हणजे झेडपी आणि पंचायत समितीचे दोन्ही दहा टक्के अडकले. आमच्या शाळेच्या वाटेवरची मोरी त्यातच होती. गावाचा काय गुन्हा?

कंदील: मोरीचं राहू द्या, पथदिव्यांचं बोला. २०२१ ला शासनाने हात वर केले, बिलं १५व्यातून भरा म्हणाले. हप्ता लांबला आणि वीजवाल्यांनी कनेक्शन तोडलं. ऐन पावसाळ्यात सव्वा महिना अंधार, माझी आई देवळाच्या पायरीवरून घसरली, मनगट मोडलं. आता म्हणा वसुली करा.

खतावणी: आईचं वाईट वाटलं, खरंच. पण वापरेल त्यानेच बिल भरायचं ना? दिवसाढवळ्या दिवे चालू असतात गावात, बंद करायला कुणी नाही.

कंदील: तुमच्या सोसायटीचा दिवा कोण बंद करतं? इथे शिपायाला दोन दोन महिने पगार नाही, तो खांबाखांबावर फिरेल का?

माळावरचा: बिलं आधी राज्यच भरायचं. केंद्राच्या पैशावर राज्याने आपला खर्च ढकलला, खरी मेख तिथे आहे.

खतावणी: हे मात्र बरोबर. तेवढं मान्य. तरी थकबाकी वसूल झाली असती तर दोन महिन्यांचं बिल बाजूला राहिलं असतं, यावर मी ठाम आहे.

रानवाट: बाजूला ठेवलं होतं हो. मी दर महिन्याला पाणीपट्टीतले थोडे ग्रामनिधीत वेगळे धरायचे, दीड वर्षात चाळीस हजार जमले. एप्रिलमध्ये विहिरीवरची मोटर जळली, रिवाइंडिंग, नवी केबल आणि चार दिवसांचा टँकर, सगळे त्यातच गेले. नोटिसा मी काढल्या नाहीत, ही चूक कबूल. पण ३१ मार्च २०२६ ही १५व्याची शेवटची तारीख, त्यापुढे १६वा. त्याचा पहिला हप्ता हातात पडेपर्यंत पथदिव्यांचं बिल कशातून भरायचं, एवढं कुणीतरी सांगा.